दूतावासाच्या दारात पोलीस का थांबतात?

१७ एप्रिल १९८४ रोजी लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लिबियाच्या दूतावासासमोर गद्दाफीविरोधी निदर्शनं चालली होती. अचानक दूतावासाच्या खिडकीतून गोळीबार झाला. बंदोबस्तावर उभी असलेली इव्हॉन फ्लेचर ही २५ वर्षांची पोलीस त्यात मारली गेली. पोलिसांनी इमारतीला वेढा दिला. गोळ्या कुठून आल्या हे तिथे हजर असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही कोणी दार फोडून आत शिरलं नाही. ब्रिटनने लिबियाशी राजनैतिक संबंध तोडले आणि २७ एप्रिलला आतली सुमारे ३० माणसं बाहेर आली, विमानात बसली आणि मायदेशी निघून गेली.

हे वाचून संताप येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्याच दिवसांत त्रिपोलीत काय चाललं होतं तेही पाहायला हवं. तिथल्या ब्रिटिश दूतावासाला लिबियाच्या सैनिकांनी वेढलं होतं. लिबियात हजारो ब्रिटिश नागरिक कामाला होते. लंडनमध्ये दार फुटलं असतं, तर त्रिपोलीतलं दारही शाबूत राहिलं नसतं. दूतावासाला मिळणारं संरक्षण समजून घ्यायचं असेल, तर या दोन इमारती एकत्र डोळ्यांसमोर ठेवाव्यात. तुमची माणसं आमच्याकडे आहेत, आमची तुमच्याकडे आहेत, एवढ्याच पायावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

या बाबतीतला एक गैरसमज फार पसरलेला आहे. दूतावासाची जागा म्हणजे त्या परक्या देशाची भूमी, असं शाळकरी मुलांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळे सांगतात. तसं नसतं. जमीन यजमान देशाचीच असते आणि तिथे यजमान देशाचाच कायदा लागू असतो. दूतावासात कोणी चोरी केली, तर ती यजमान देशात झालेली चोरी ठरते. केवळ दूतावासात जन्म झाला म्हणून बाळाला त्या देशाचं नागरिकत्व मिळत नाही. फरक एवढाच, की दूतावासाच्या प्रमुखाने होकार दिल्याशिवाय यजमान देशाचा पोलीस, कर अधिकारी किंवा न्यायालयाचा बेलीफ उंबरठा ओलांडू शकत नाही. जमीन यजमानाची, दार मात्र पाहुण्याचं.

हा नियम १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २२व्या कलमात आहे. ५३ कलमांच्या या करारात आज १९०हून अधिक देश सामील आहेत, म्हणजे जवळपास सगळं जग. २२व्या कलमाला पळवाट नाही. आग लागली तर परवानगी गृहीत धरावी, अशी सवलत वाणिज्य दूतावासांसाठीच्या १९६३ च्या वेगळ्या करारात आहे. राजधानीतल्या मुख्य दूतावासाच्या बाबतीत तीसुद्धा नाही. अग्निशमन दलालाही आधी विचारावं लागतं. याच कलमात यजमानावर दुसरी जबाबदारीही टाकलेली आहे. स्वतः आत जायचं नाही, एवढ्यावर भागत नाही. इतर कोणी घुसणार नाही, मोडतोड करणार नाही, दूतावासाची अप्रतिष्ठा होणार नाही, हेही यजमानानेच पाहायचं. गेटबाहेर पहाऱ्याला उभा असलेला स्थानिक पोलीस त्यासाठी असतो.

विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज याच्या प्रकरणात जगाने हे सात वर्षं पाहिलं. जून २०१२ मध्ये तो लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरला. दूतावास म्हणजे एका इमारतीतल्या काही खोल्या. बाहेर पोलीस, आत तो, आणि मध्ये एक साधं दार. एप्रिल २०१९ मध्ये इक्वेडोरने आश्रय काढून घेतला, पोलिसांना स्वतः आत बोलावलं, आणि काही मिनिटांत त्याला अटक झाली. त्याहून लांबची कथा हंगेरीच्या कार्डिनल मिंडसेंटी यांची आहे. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये आले तेव्हा, नोव्हेंबर १९५६ मध्ये, त्यांनी अमेरिकेच्या कार्यालयात आसरा घेतला आणि ते तिथून बाहेर पडले ते थेट १९७१ मध्ये. दूतावासात आश्रय देण्याचा सर्वमान्य हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात कुठेही नाही. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी आपसात तशी परंपरा जपली आहे, बाकीचे तो मानत नाहीत. तरीही आश्रय टिकतो, कारण माणसाला बाहेर काढायचं तर दार ओलांडावं लागतं.

कधीकधी ते ओलांडलंही जातं. एप्रिल २०२४ मध्ये इक्वेडोरच्या पोलिसांनी क्वितोतल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून तिथे आश्रय घेतलेले माजी उपराष्ट्राध्यक्ष होर्हे ग्लास यांना पकडलं. मेक्सिकोने लगेच संबंध तोडले. ग्लास यांच्यावर भ्रष्टाचाराचे गुन्हे सिद्ध झाले होते आणि मेक्सिकोने त्यांना आत घेणं कितपत योग्य होतं यावर वाद होऊ शकतो. पण घुसणं चूक होतं यावर डावे-उजवे सगळे देश एका सुरात बोलले. त्या प्रत्येकाचे स्वतःचे दूतावास कुठे ना कुठे नाजूक जागी उभे आहेत.

आता आत डोकावू. जुन्या मराठीत राजदूताला वकील म्हणत आणि दूतावासाला वकिलात. मला तो शब्द आजही जास्त नेमका वाटतो. आपल्या पक्षाची बाजू दुसऱ्याच्या दरबारात मांडायची, तिथलं काय चाललंय ते आपल्या धन्याला कळवायचं, आणि दोघांमध्ये बोलणं चालू ठेवायचं. व्हिएन्ना करारातही दूतावासाची कामं साधारण अशीच सांगितली आहेत: देशाचं प्रतिनिधित्व, नागरिकांच्या आणि देशाच्या हिताचं रक्षण, वाटाघाटी, कायदेशीर मार्गांनी माहिती मिळवून ती मायदेशी कळवणं, आणि व्यापार, संस्कृती, विज्ञान यांतले संबंध वाढवणं.

सोहळे, मेजवान्या, झेंडा लावलेली गाडी ही फक्त बाहेरून दिसणारी बाजू. रोजच्या कामाचा मोठा भाग म्हणजे ऐकणं आणि लिहिणं. राजकीय विभागातला अधिकारी सकाळी स्थानिक भाषेतली वर्तमानपत्रं वाचतो, संसदेतल्या चर्चा ऐकतो, मंत्रालयातल्या लोकांना, विरोधकांना, पत्रकारांना, प्राध्यापकांना भेटतो. संध्याकाळी त्यातून एक टिपण तयार होतं आणि सांकेतिक लिपीत मायदेशी जातं. यजमान देशात नवा कायदा येतोय, त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल? सरकार टिकेल का? रस्त्यावरचा राग खरा आहे की घडवून आणलेला? हे सगळं वर्तमानपत्रात येतंच की, असं कोणी म्हणेल. येतं, पण तिथे राहणारा, ती भाषा बोलणारा, त्या माणसांना वर्षानुवर्षं ओळखणारा कोणी ते आपल्या देशाच्या नजरेतून वाचून दाखवतो, त्याची किंमत वेगळी.

२२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून जॉर्ज केनन यांनी एक भली लांबलचक तार पाठवली. वॉशिंग्टनने विचारलेला प्रश्न साधा होता: सोव्हिएत संघ जागतिक बँक आणि नाणेनिधीत यायला का तयार नाही? केनन यांनी उत्तरात सोव्हिएत सत्तेचा स्वभावच उलगडून मांडला. पुढची अनेक दशकं अमेरिकेचं धोरण ज्या विचारावर चाललं, त्याची मुळं त्या तारेत आहेत. दूतावासातल्या एका टिपणाने एवढं घडल्याची उदाहरणं थोडी, पण प्रत्येक टिपण लिहिणाऱ्याच्या मनात ती शक्यता असते.

मग ही हेरगिरी नव्हे का? करारातला 'कायदेशीर मार्गांनी' हा शब्दप्रयोग त्यासाठीच आहे. उघडपणे भेटणं, विचारणं, वाचणं हे दूताचं काम. चोरून कागद मिळवणं नव्हे. प्रत्यक्षात अनेक देश गुप्तहेरांना दूतावासातल्या साध्या हुद्द्यांवर नेमतात आणि यजमान देश त्यांच्यावर पाळत ठेवतात. पाळत उलट्या दिशेनेही चालते. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती मॉस्कोतल्या राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली. तिच्या पोटात ऐकण्याचं यंत्र होतं, हे उघडकीस यायला १९५२ साल उजाडलं.

राजदूत नेमणं हेही वाटतं तितकं सरळ नसतं. आधी नाव गुपचूप यजमान देशाला कळवून संमती घ्यावी लागते. नकार मिळाला तर कारण सांगण्याचं बंधन नाही, म्हणून हे सगळं जाहीर घोषणेआधी उरकतात. मग राजदूत येतो आणि यजमान राष्ट्रप्रमुखाला आपल्या राष्ट्रप्रमुखाचं पत्र सादर करतो, ती त्याची अधिकारपत्रं. राजदूत नसेल किंवा मुद्दाम नेमला नसेल, तेव्हा एखादा वरिष्ठ अधिकारी प्रभारी म्हणून दूतावास चालवतो. संबंध बिघडले की देश पहिल्यांदा राजदूताला 'विचारविनिमयासाठी' परत बोलावतात. दूतावास मात्र उघडाच राहतो. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूताऐवजी उच्चायुक्त पाठवतात. नाव वेगळं, काम तेच.

राजदूतांमध्ये थोरला कोण, हा प्रश्न आज क्षुल्लक वाटतो. १६६१ मध्ये लंडनला स्वीडनचा नवा राजदूत आला, तेव्हा त्याच्या मिरवणुकीत फ्रान्सच्या राजदूताची गाडी पुढे की स्पेनच्या, यावरून रस्त्यात हत्यारं चालली आणि माणसं मेली. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने त्यावर सुंदर तोडगा काढला: देश किती बलाढ्य ते बघायचं नाही, एकाच दर्जाच्या राजदूतांमध्ये जो आधी रुजू झाला तो ज्येष्ठ. आजही हाच नियम चालतो. एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत दहा वर्षं तिथे असेल, तर तो महासत्तेच्या नव्या राजदूताच्या पुढे उभा राहतो. मला हा नियम फार आवडतो.

सामान्य माणसाचा दूतावासाशी संबंध येतो तो मात्र दुसऱ्या दाराने: व्हिसा, पासपोर्ट, आणि संकट. हे काम वाणिज्यदूत विभागाचं. नाव फसवं आहे, त्यात वाणिज्य थोडं आणि माणसांच्या अडचणी फार. राजधानीत हा विभाग दूतावासातच असतो, इतर मोठ्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र वाणिज्य दूतावास असतात. पासपोर्ट हरवला, अपघात झाला, कोणी दगावलं, पार्थिव मायदेशी न्यायचंय, मालकाने कामगाराचे कागद अडकवून ठेवलेत, मूल परदेशात जन्मलं त्याची नोंद हवीय, असं सगळं याच विभागाच्या टेबलावर येतं.

अपेक्षा कुठे थांबवाव्यात तेही माहीत असलेलं बरं. तुमचा देश तुम्हाला परक्या तुरुंगातून सोडवू शकत नाही, तिथल्या न्यायाधीशाला सांगू शकत नाही, तुमचं हॉटेलचं किंवा इस्पितळाचं बिल सहसा भरत नाही. तो वकिलांची यादी देतो, घरच्यांना कळवतो, तुरुंगात येऊन भेटतो, तुम्हाला नीट वागवतात का ते पाहतो, तात्पुरता प्रवासाचा कागद करून देतो. ऐकायला थोडं वाटतं. परक्या भाषेच्या कोठडीत बसलेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारा कोणी भेटायला येणं थोडं नसतं.

आणि हा कैद्याचा हक्क आहे. १९६३ च्या कराराचं ३६वं कलम सांगतं, की परदेशी नागरिकाला अटक केली तर त्याला या हक्काची माहिती विनाविलंब द्यायची, त्याने म्हटलं तर त्याच्या देशाच्या वाणिज्यदूताला कळवायचं, आणि भेटीला मोकळीक द्यायची. कुलभूषण जाधव प्रकरणात वाद नेमका याच कलमाचा होता. हेरगिरीच्या आरोपाचं कारण देऊन पाकिस्तानने भारतीय अधिकाऱ्यांना भेट नाकारली होती. जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं, की आरोप हेरगिरीचा असला तरी हा हक्क जात नाही, पाकिस्तानने कलम मोडलं आहे, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही. कलमाचा आवाका तेवढाच आहे.

कागद आणि शिक्का यांची ताकद किती, याचं सगळ्यात मोठं उदाहरण बुडापेस्टचं आहे. जुलै १९४४ मध्ये राऊल वॉलेनबर्ग तिथल्या स्वीडनच्या कार्यालयात सचिव म्हणून आला. नाझी तेव्हा हंगेरीतल्या ज्यूंना छळछावण्यांत पाठवत होते. त्याने निळ्या-पिवळ्या रंगांचे, स्वीडनचे तीन मुकुट छापलेले संरक्षणपत्र वाटायला सुरुवात केली: हा धारक स्वीडनच्या आश्रयाखाली आहे. कायद्याच्या काट्यावर त्या कागदाला फारसं वजन नव्हतं. पण त्यावर शिक्का होता, सही होती, आणि ज्यांची सगळी यंत्रणा कागदांवर चालायची ते अधिकारी शिक्क्यापुढे थबकत होते. त्याने इमारती भाड्याने घेतल्या, त्यांवर स्वीडनचे झेंडे लावले आणि आत माणसं ठेवली. हजारो जीव वाचले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला ताब्यात घेतलं आणि तो परत आला नाही. ज्या संरक्षणाची उधळण त्याने इतरांवर केली, ते त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलं नाही.

राजनैतिक संरक्षणाबद्दल लोकांना राग असतो तो त्याच्या गैरवापरामुळे. राजदूताला किंवा राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. दिवाणी दाव्यांतूनही थोडे अपवाद सोडले तर तो सुटतो. कारण जुनं आहे. १७०८ मध्ये रशियाचे राजदूत मातवेयेव यांना लंडनच्या सावकारांनी कर्जापायी भर रस्त्यात गाडीतून खेचून पकडवलं. झार पीटर संतापला, आणि ब्रिटिश संसदेला दूतांच्या संरक्षणाचा कायदाच करावा लागला. एखाद्या खोट्या खटल्यात अडकवून परक्या देशाच्या दूताचं तोंड बंद करता येऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणूनच हे संरक्षण माणसाचं नसतं, त्याला पाठवणाऱ्या देशाचं असतं, आणि ते काढून घेण्याचा अधिकारही त्या देशालाच असतो. १९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जिया या देशाच्या एका अधिकाऱ्याने दारूच्या नशेत गाडी चालवली आणि त्या अपघातात १६ वर्षांची मुलगी गेली. जॉर्जियाने त्याचं संरक्षण काढून घेतलं, अमेरिकेत खटला चालला, त्याला तुरुंगवास झाला. सगळे देश असं करत नाहीत. करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पाठवणाऱ्या देशाने हात वर केले तर यजमानाकडे एकच हत्यार उरतं. तो कोणत्याही अधिकाऱ्याला कधीही, कारण न देता, 'नकोशी व्यक्ती' ठरवून घालवू शकतो. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलिसबरीत एका माजी रशियन हेरावर विषप्रयोग झाल्यानंतर ब्रिटनने २३ रशियन अधिकाऱ्यांना घालवलं. रशियानेही मोजून २३ ब्रिटिशांना घालवलं. आकडा असा बरोबर जुळतो, कारण जशास तसे हाच इथला नियम. तेहरानमध्ये नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकी दूतावास ताब्यात घेऊन ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवलं गेलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इराणला हेच सुनावलं: दूतावासात हेरगिरी चालते असं वाटत होतं, तर त्यांना घालवून देण्याचा मार्ग तुमच्यासाठी मोकळा होता.

राजनैतिक टपालाची थैलीही अशीच सुरक्षित असते. ती उघडायची नाही, अडवायची नाही. मात्र तिच्यावर तशी ठळक खूण हवी. जुलै १९८४ मध्ये नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना लंडनमध्ये पळवून, बेशुद्ध करून, एका खोक्यात घालून विमानतळावर आणलं होतं. खोक्यांवरच्या खुणा नियमाप्रमाणे नव्हत्या. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते उघडले आणि डिक्को वाचले.

या सगळ्यात ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो, ती माणसं म्हणजे दूतावासातले स्थानिक कर्मचारी: दुभाषे, चालक, पहारेकरी, व्हिसा विभागातले कारकून. राजदूत तीन-चार वर्षांत बदलतो, हे मात्र वीस-वीस वर्षं तिथेच असतात. कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचं, कोणत्या शब्दाने स्थानिक माणूस दुखावतो, हे त्यांनाच माहीत असतं. पण ते यजमान देशाचे नागरिक असतात, म्हणून राजनैतिक संरक्षण त्यांना जवळपास नसतंच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तेव्हा अनेक परदेशी दूतावास घाईघाईने कागद नष्ट करून विमानतळावर गेले. ब्रिटनचे राजदूत लॉरी ब्रिस्टो आणि त्यांचे सहकारी शेवटच्या दिवसांपर्यंत विमानतळावर थांबून निघणाऱ्यांची कागदपत्रं करत होते. तरीही वेगवेगळ्या देशांसाठी राबलेली अनेक अफगाण माणसं मागे राहिली. परक्या झेंड्याखाली काम केल्याची नोंद त्यांच्या नावावर होती, संरक्षण नव्हतं. करारातली ही उणीव मला सगळ्यात जास्त खुपते.

आणि संबंध तुटले तर? युद्ध झालं तरी यजमानाने इमारत, मालमत्ता आणि दप्तर जपायचं, असं ४५वं कलम सांगतं. किल्ल्या तिसऱ्या देशाकडे देता येतात, तोच मग दोघांमधला दुवा होतो. १९८० पासून इराणमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडचा दूतावास पाहतो. वॉशिंग्टनमध्ये इराणचा विभाग पाकिस्तानच्या छत्राखाली चालतो. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने इराणचे जनरल सुलेमानी यांची हत्या केल्यानंतर दोन्ही देश युद्धाच्या तोंडाशी आले, तेव्हा एकमेकांना दिलेले निरोप स्विस अधिकाऱ्यांच्या हातून गेले.

त्रिपोलीतही असंच झालं. फ्लेचरच्या मृत्यूनंतर १५ वर्षं ब्रिटनचा तिथे दूतावास नव्हता. इटलीच्या दूतावासात ब्रिटनचा एक छोटा विभाग तेवढा चालू होता, तिथल्या ब्रिटिश नागरिकांसाठी. १९९९ मध्ये लिबियाने त्या गोळीबाराची जबाबदारी मान्य केली, फ्लेचरच्या कुटुंबाला भरपाई द्यायचं कबूल केलं, आणि दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जोडले गेले.